गुंजभर

नांदेडला अत्तरसिंगच्या दुकानात तीन बंदुका होत्या
माझ्या ऐपतीत बसणाऱ्या.
एक ठासणीची. तिच्यात बार भरेपर्यंत
कोल्हा जेवून, तोंड पुसून जातो.
दुसरी दुनळी. तिनं कोल्हा मरतो,
शेजारची चार टरबुजंही मरतात.
तिसरी बारीक नळीची. ज्वारीच्या ताटासारखी सरळ,
भोक तुरीच्या दाण्याएवढं.
"ही ने," अत्तरसिंग म्हणाला, "पण हिचं खाणं महाग.
काडतुसं मुंबईहून येतात. येतात तेव्हा येतात.
तुमच्या गंगाखेडात हबीब मिस्त्री आहे, जिनिंगमधला.
रिकाम्या पुंगळ्या फेकू नको."

मिस्त्रीच्या खोलीला एकच खिडकी.
ती तो आधी लावायचा, मग दार.
वाऱ्यानं पारडं खोटं बोलतं.
कंदील लांब कोनाड्यात, काचेच्या तावदानामागं.
माझी बिडी बाहेर, पायताणाजवळ.
"दारू तोलायची अन् दारू प्यायची,
दोन्ही एका हाताला जमत नाही.
मी दुसरी सोडली."

तराजू सोनाराचा, मोडीत घेतलेला.
एका पारड्यात गुंजा,
आणि गुंजांचीही त्यानं निवड केलेली:
ही भरीव, ही पोचट,
ही परवाच्या सालची, वाळून हलकी झाली,
हिच्यावर आता भरवसा नाही.

पुंगळ्या तो उजेडापुढं फिरवायचा.
नखानं गळा चाचपायचा.
दोन बोटांत धरून टिचकी, आणि कान.
चीर गेलेली पुंगळी फुटक्या घागरीसारखी बोलते.
पन्नासांतल्या अकरा बाजूला.
त्यातल्या नऊ तर मला चांगल्या दिसत होत्या.
"दिसतात," एवढंच.

टोपी बसताना बारीक टुक्.
मग चमच्याच्या टोकावरून दारू, कण कण,
काटा मधोमध थांबेतो
आम्ही दोघंही श्वास घेत नव्हतो.
एका रात्रीत वीस. कधी चौदाच.
फडक्यात बांधून द्यायचा,
लेकीबरोबर खाऊ धाडावा तशी.

"एका कोल्ह्यासाठी एवढं, मिस्त्री?"
"कोल्ह्याचं मला काय सांगतो.
पहिली गेली तिथंच दुसरी जावी, एवढं माझं.
कुठं जावी, ते तुझं."

गंगेच्या वाळूत आमची वाडी.
चैत्र वद्य अष्टमी, चंद्र मध्यरात्र उलटून वर आला,
पाण्याची एकच धार उरलेली, तीही खांडाखांडानं.
मी वाळूत खड्डा करून पालथा.

तो आला. एकटाच,
मागचा डावा पाय जपत.
पहिल्या टरबुजाला नाक लावलं. पुढं.
दुसऱ्याला पंजा. पुढं.
एकाला कान लावला असं मला वाटलं,
शपथ घेणार नाही.
मी मोजत होतो.
अकरा नाकारली त्यानं.
त्यातली नऊ मी उद्या बाजारात नेणार होतो.
बाराव्यापाशी तो बसला,
देवळात बसतात तसा, जरा वेळ नुसताच.

माझं बोट चापावर.
काटा मधोमध.

टिटवी ओरडत उठली, पैलतीरापर्यंत ओरडत गेली.

सकाळी ते बारावं मी फोडलं.
त्या साली आमच्या घरात
तसं गोड दुसरं निघालं नाही.
धाकट्या द्वारकेनं विचारलं, कुणी निवडलं?
मी बिया थुंकत राहिलो.

मिस्त्रीला रिकामी पुंगळी नेऊन दिली.
टिचकी. कान.
"चांगली आहे. अजून पाच-सहा वेळा भरेल."
बाकी त्यानं विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.

बंदूक आता खुंटीला असते.
उन्हाळ्यात गाडी भरताना
मी एकेक टरबूज उचलतो, टिचकी मारतो, कानाशी धरतो.
माणसं हसतात.
अकरांत नऊदा चुकतो अजून.